‘संशोधनात सिद्ध झालंय’ म्हणजे नक्की काय झालंय?

कोरीपाटी

परवा रात्री साडेअकराला मोठ्या बहिणीने दोन लिंका पाठवल्या. तिचं वय ५१. पाळी जाऊन वर्ष होत आलंय, अंगातून वाफा निघतात, झोपेचं खोबरं झालंय. पहिल्या लिंकेत लिहिलं होतं की हार्मोनच्या गोळ्यांनी बायकांचं हृदय शाबूत राहतं. दुसरीत, त्याच गोळ्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो. दोन्हीकडे ‘संशोधनात सिद्ध झालंय’. खाली तिचा मेसेज: "तू शिकलेली ना? सांग आता."

मी ऑडिटवाली. हयात लोकांच्या वह्या तपासण्यात गेली. व्हाउचर बघितल्याशिवाय सही करायची नाही एवढंच मला येतं. म्हणून बसले शोधत आणि दोन रात्री त्यातच गेल्या.

हाती लागलं ते असं. पहिली लिंक पूर्ण थापा नव्हती. अमेरिकेत हजारो परिचारिकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेल्या मोठ्या पाहणीत हार्मोन घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला होता, खरंच दिसला होता. मग ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाची चाचणी झाली. १६,६०८ बायका, कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी (औषध नसलेली) हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. साडेआठ वर्षं चालायची होती, जुलै २००२ मध्ये सरासरी ५.२ वर्षांवरच थांबवली, कारण गोळी घेणाऱ्यांत कर्करोग, पक्षाघात आणि हृदयविकारसुद्धा जास्त निघाले. म्हणजे पाहणी म्हणते हृदय वाचतं, चाचणी म्हणते उलट.

आता ते २६ टक्के. दहा हजार बायका एक वर्ष घेतल्या तर खोट्या गोळीवाल्यांत स्तनाच्या कर्करोगाच्या ३० केसेस आणि खऱ्या गोळीवाल्यांत ३८. तीसाचे अडतीस झाले, म्हणून बातमीत २६ टक्के. दहा हजारांत आठ असं छापलं असतं तर ती बातमी पहिल्या पानावर आली नसती. आमच्याकडेही हेच चालतं. किरकोळ खर्चाचं खातं ३०वरून ३८वर गेलं तर लाल शाई काढायची की पुढचं पान उलटायचं, हे एकूण उलाढाल बघितल्याशिवाय कळत नाही.

माझा प्रश्न त्या गोळीपुरता नाही. रोज कुठला ना कुठला अभ्यास अंगावर येतो. आरोग्याचा, महागाईचा, एआयचा, विश्वाच्या उत्पत्तीचा. त्याचं व्हाउचर कुठे मागायचं? इथे वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं आहेत. आपापल्या घरातलं सांगा. पॅथीपॅथीची भांडणं मात्र इथे नकोत, त्यासाठी दुसरे धागे ओसंडून वाहतायत.

---

बिनबुडाचा

कॉफी प्या, आयुष्य वाढतं. कॉफी सोडा, आयुष्य वाढतं. मी एक दिवसाआड पितो. दोन्ही अभ्यासांचा मान राखला जातो.

---

अर्धविराम

कोरीपाटी, व्हाउचर हा शब्द आवडला. मी बरीच वर्षं औषधांच्या चाचण्यांचा डेटा सांभाळायचे, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी तुमचं कोडं. पाहणी आणि चाचणी उलट का निघाली? हार्मोनची गोळी मागायला कोण जायचं? जिला डॉक्टर परवडतो, जी वजन सांभाळते, सिगारेट ओढत नाही, वेळच्या वेळी तपासण्या करून घेते. तिचं हृदय मुळातच बरं असण्याची शक्यता जास्त. श्रेय गोळीला गेलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. इथे गंमत अशी की कावळा नेहमी मजबूत झाडच निवडत होता. संशोधक मूर्ख नव्हते. सिगारेट, वजन, शिक्षण यांचा हिशेब आकडेमोडीत धरला होता. पण जे मोजलंच नाही ते वजा कसं करणार? चिठ्ठी टाकली की मोजलेलं-न मोजलेलं सगळं दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं. चिठ्ठीची सगळी ताकद एवढीच.

पण चिठ्ठी टाकणंही सोपं नाही. आमच्याकडे पूर्वी पाकिटं असायची. पेशंट चाचणीत घेतला, फॉर्मवर सही झाली, की क्रमांकाप्रमाणे पुढचं पाकीट फोडायचं. आत ‘अ’ (नवं औषध) किंवा ‘ब’ (नवं नसलेलं). आता डॉक्टरही माणूस. समोर अशक्त म्हातारा बसलाय आणि पुढच्या पाकिटात नवं औषध असेल तर बरं, असं वाटणारच. म्हणून लोक पाकीट ट्यूबलाइटसमोर धरून बघायचे. ही ऐकीव गोष्ट नाही, मी एकीला धरताना पाहिलंय. ‘ब’ दिसला की "याला उद्या घेऊ". मग पाकिटात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घालायला लागलो. पुढे पाकिटं गेली, फोन करून क्रमांक घ्यायची पद्धत आली, आता संगणक देतो. एका फॉइलच्या तुकड्यावर अख्खी चाचणी उभी असते हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही.

दुसरं व्हाउचर: मोजलं काय? हार्ट अटॅकनंतर ठोके अनियमित पडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका जास्त असतो. ठोके नियमित करणारी औषधं होती, ईसीजी सुंदर यायचा, डॉक्टर खूश. मग १९८०च्या दशकाच्या शेवटी ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत ईसीजीऐवजी माणसं मोजली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, खोट्या गोळीवाल्या ७४३ पैकी २६. ठोके नियमित झाले होते बरं का. माणसं मरत होती. तेव्हापासून ‘अमुक घटकाची रक्तातली पातळी सुधारली’ अशी बातमी आली की मी पेपर खाली ठेवते.

आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यांत मोठं: काय मोजणार हे उत्तर दिसायच्या आधी लिहून ठेवलं होतं का? १९८८ साली ‘आयसिस-२’ ही प्रचंड चाचणी छापून आली. हार्ट अटॅकच्या संशयाने दाखल झालेले १७,१८७ पेशंट. अ‍ॅस्पिरिन दिलेल्यांत पाच आठवड्यांत ९.४ टक्के गेले, न दिलेल्यांत ११.८ टक्के. एका स्वस्त गोळीने एवढा फरक. पण प्रत्येकाला पोटगट हवे असतात: बायकांत काय, वयस्करांत काय, मधुमेह्यांत काय. तेव्हा या मंडळींनी पेशंटच्या जन्मतारखा काढून राशीवार तक्ताच छापला. मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना अ‍ॅस्पिरिनने किंचित तोटा, बाकी दहा राशींना घसघशीत फायदा! पुरेसे तुकडे पाडले की कुठल्या तरी तुकड्यात हवं ते सापडतंच, हे त्यांना दाखवायचं होतं.

आधी लिहून ठेवल्याने काय फरक पडतो? अमेरिकेत हृदयविकारावरच्या सरकारी पैशाच्या मोठ्या चाचण्या कोणीतरी ओळीने मांडल्या. २००० सालापूर्वीच्या ३० पैकी १७ मध्ये औषधाचा स्पष्ट फायदा. २०००च्या आसपास चाचणी आधी नोंदवायची, मुख्य मोजमाप जाहीर करायचं, अशी शिस्त आली. त्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये फायदा. औषधं एका रात्रीत नालायक झाली नाहीत. वरातीमागून घोडं नाचवायची सोय गेली.

---

बिनबुडाचा

माझी रास तूळ. उद्यापासून अ‍ॅस्पिरिन बंद.

---

अर्धविराम

@बिनबुडाचा, ती त्यांची सूर्यरास. तुमची चंद्ररास असेल तर तक्ता नव्याने काढावा लागेल, आणि त्यातही कोणीतरी दोन राशी बळी जातीलच. गोळीचं डॉक्टरांना विचारा.

---

दिडकी

अर्धविराम ताई, तुमच्याकडे पाकिटं तरी आहेत. आमच्या अर्थशास्त्रात चिठ्ठी टाकून देशाला कर्जात कोण ढकलणार? इतिहास जे देईल ते घ्यायचं.

कोरीपाटी यांना आवडेल अशी गोष्ट सांगतो, कारण ती अक्षरशः वही तपासण्याची आहे. २०१० मध्ये दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी, रेनहार्ट आणि रोगॉफ यांनी, एक निबंध लिहिला. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के. तेव्हा जगभर मंदी, युरोपात खर्चकपातीवरून रणकंदन, आणि राजकारण्यांच्या हाती हे ९०चं कोलीत. नव्वदी ओलांडली की कडेलोट!

थॉमस हर्नडन हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी. अभ्यासक्रमातलं काम म्हणून तो हे आकडे पुन्हा काढायला बसला. जुळेनात. शेवटी मूळ लेखकांकडे फाइल मागितली आणि त्यांनी दिली (हा मोठेपणा विसरू नका). एक्सेल उघडलं तर सरासरीचं सूत्र ओळ ३० ते ४४ एवढंच घेत होतं. देश होते ३० ते ४९. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क बेरजेत आलेच नव्हते.

ओढून सोडलेला माउस, बस.

पण एक्सेलची चूक ही यातली किरकोळ गोष्ट आहे, मीम्स तिच्यावरच निघाले ते सोडा. खरा घोळ वजनांचा. ब्रिटनची नव्वदीवरची १९ वर्षं होती, सरासरी वाढ २.४ टक्के. न्यूझीलंडचं हिशेबात एकच वर्ष, १९५१, उणे ७.६ टक्के. दोघांना समान वजन! एकोणीस वर्षांचा संसार आणि एका वर्षाचा अपघात एकाच तराजूत. न्यूझीलंडची आधीची काही वर्षं गळली होती ती वेगळीच. सगळं दुरुस्त केल्यावर उणे ०.१ चे झाले अधिक २.२.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ‘कर्ज काढा, काही होत नाही’ असा अर्थ काढाल. दुरुस्तीनंतरही जास्त कर्जवाल्यांची वाढ कमीच दिसते. ६० ते ९०च्या गटात ३.२, नव्वदीच्या वर २.२. उतार आहे, कडा नाही. आणि उतार असला तरी कर्जामुळे वाढ मंदावते की वाढ मंदावल्यामुळे कर्ज साचतं, ते या तक्त्याने कळत नाही.

---

कोरीपाटी

दिडकी, ओळ ३० ते ४४ वाचून अंगावर काटा आला. मी स्वतः ही चूक पकडली आहे आणि (हळूच सांगते) केली पण आहे. खाली नवीन ओळी घातल्या की सूत्र आपोआप खाली येत नाही. तेव्हापासून बेरीज दोन वेगळ्या रस्त्यांनी काढायची सवय लागली. प्रश्न: निबंध छापण्याआधी तज्ज्ञ तपासतात म्हणे. त्यांनी फाइल उघडली नाही?

---

दिडकी

तो निबंध ज्या अंकात आला त्यातले लेख परिषदेतले असतात, नेहमीची कडक तपासणी त्यांना नसते. पण कडक तपासणीतही परीक्षक निबंध वाचतात, फाइल सहसा उघडत नाहीत. बिनपगारी काम असतं ते. तुमच्या भाषेत, ताळेबंदावर सही होते, व्हाउचरं न बघता. आता बऱ्याच नियतकालिकांनी डेटा आणि कोड जमा करायची अट घातली आहे.

---

चौथामजला

एक्सेलवरून आठवलं. जनुकांची नावं असायची ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशी, इंग्रजी आद्याक्षरांवरून. एक्सेल त्यांना मार्चची एक तारीख आणि सप्टेंबरची दोन तारीख करून टाकायचं, न विचारता. २०१६ मध्ये कोणीतरी तपासलं तर जनुकांची एक्सेल यादी जोडलेल्या निबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात अशा तारखा घुसल्या होत्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने एक्सेलपुढे हात टेकले आणि जनुकांचंच बारसं पुन्हा केलं: ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन२’. 

बाकी आमच्या संगणकवाल्यांचं सांगतो. लोकांना वाटतं इथे सगळं काटेकोर, मशीन आहे, मोजलं की मोजलं. सपशेल गैरसमज. मागच्या वर्षी मी एक फंक्शन नव्याने लिहिलं, मोजलं, जुन्यापेक्षा बारा टक्के वेगवान. टीमला मेल टाकला. शेजारच्याने त्याच्या लॅपटॉपवर चालवलं तर फरक शून्य. दोन दिवस भांडलो. शेवटी कळलं की जुनं फंक्शन मी मीटिंगरूममध्ये बॅटरीवर मोजलं होतं आणि नवं जागेवर येऊन, चार्जर लावून. बॅटरीवर प्रोसेसर हात आखडता घेतो. माझे बारा टक्के चार्जरचे होते.

तरी माझी चूक ढोबळ. २००९ मध्ये एका चमूने दाखवलं की कंपायलरची (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची) एखादी सुधारणा उपयोगी की निरुपयोगी हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या लांबीवरही ठरू शकतं. म्हणजे युजरनेम वगैरे, प्रोग्रामशी काडीचा संबंध नसलेला मजकूर. तो मेमरीत स्टॅकच्या (प्रोग्रामच्या कामाच्या जागेच्या) आधी बसतो, लांबी बदलली की स्टॅक थोडा सरकतो, डेटा कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या झटपट मेमरीत) वेगळ्या जागी पडतो, आणि वेग बदलतो. तुमचं युजरनेम लांब असेल तर निष्कर्ष उलटू शकतो, चला! उपाय त्यांनी सुचवला तो अर्धविराम यांच्याच घरातला: या फालतू गोष्टी मुद्दाम रँडम करा आणि पुन्हा पुन्हा मोजा.

आणि एआय. छातीचे एक्स-रे बघून न्यूमोनिया ओळखणारी मॉडेल्स. २०१८च्या एका अभ्यासात वेगवेगळ्या संस्थांचे एक्स-रे एकत्र करून शिकवलं. एका ठिकाणी न्यूमोनियाचं प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्या दोन ठिकाणी एखाद टक्का. मॉडेल काय शिकलं? फोटो कुठल्या हॉस्पिटलचा ते. तंत्रज्ञ डावी-उजवी बाजू कळावी म्हणून कोपऱ्यात धातूचं छोटं अक्षर ठेवतात, ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. फुप्फुसाकडे बघायची गरजच काय, कोपऱ्यातलं अक्षर बघून बरीच मजल मारता येते. बाहेरच्या हॉस्पिटलचे फोटो दिले की मार्क घसरले. कॉपी करून पास झालेला मुलगा दुसऱ्या सेंटरवर बसवला की जे होतं तेच.

म्हणून ‘एआय डॉक्टरांपेक्षा सरस’ वाचलं की मी एकच विचारतो: परीक्षेचा पेपर कोणी काढला आणि तो अभ्यासाच्या वहीतूनच फुटला होता का? याला आम्ही लीकेज म्हणतो. एकाच पेशंटचे दोन फोटो, एक शिकवायला आणि एक परीक्षेला, झाली पेपरफुटी.

---

सदाफुली

फार माहितीचा धागा. जागा धरून ठेवते, रात्री वाचेन.

---

खडूफळा

मी निवृत्त भौतिकशास्त्राचा मास्तर. सगळं वाचलं. चौथामजला यांचा चार्जर वाचून हसू आवरेना, कारण आमच्याकडे तीच गोष्ट जगभराच्या साक्षीने घडली आहे.

सप्टेंबर २०११. ‘ऑपेरा’ प्रयोग. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण सोडायचे, ७३० किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत टिपायचे. प्रकाशाला जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले. तीन वर्षांची मोजमापं, हजारो न्यूट्रिनो, सांख्यिकीत खोट नाही. प्रकाशापेक्षा वेगाने काही जाऊ शकत नाही म्हणणारा आइन्स्टाइन चुकला? त्या लोकांनी काय केलं बघा. छाती न बडवता म्हणाले, आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा. सहा महिन्यांत सापडली. जीपीएसचा संकेत आणणारी फायबरची केबल कार्डाला नीट बसली नव्हती. बोटाने आत दाबायची ती जोडणी. प्रकाश कमी पोचायचा, संकेत उशिरा कळायचा, आणि न्यूट्रिनो लवकर आल्यासारखा दिसायचा. हजारो न्यूट्रिनोंची सरासरी काढली म्हणून ही चूक जाणार नव्हती. प्रत्येक न्यूट्रिनोच्या वेळेस केबल ढिलीच होती ना! माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगायचो: चुकीचा तराजू लाख वेळा वापरला तरी चुकीचंच वजन देतो, फक्त फार आत्मविश्वासाने.

अर्धविराम यांच्या पाकिटांची आमच्याकडे एक भावंड आहे. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या ‘लायगो’मध्ये वरिष्ठांपैकी मोजक्या लोकांना गुपचूप खोटा संकेत घुसवायची मुभा होती. सप्टेंबर २०१० मध्ये व्याधाच्या तारकासमूहाकडून आल्यासारखा सुरेख संकेत मिळाला. शेकडो लोकांनी सहा महिने विश्लेषण केलं, निबंधही लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये सगळे जमले आणि ‘पाकीट उघडलं’. खोटा! कोणी राजीनामा दिला नाही. सराव झाला म्हणाले. १४ सप्टेंबर २०१५ ला खरा संकेत आला तेव्हा पहिला प्रश्न हाच होता: यावेळी कोणी घातलाय का?

आता वाद घालतो. ‘आधी लिहून ठेवा’ याची इथे आरती चालली आहे, ती मला पूर्ण पटत नाही. १९६४ मध्ये पेन्झियस आणि विल्सन एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करत होते. एक खरखर काही केल्या जाईना. आत कबुतरं राहत होती, ती हाकलली, त्यांची घाण खरवडून काढली, सांधे टेपने बंद केले. खरखर तशीच, चारही दिशांनी, बारा महिने. ती विश्वाच्या बालपणीची, सूक्ष्मलहरींच्या रूपात उरलेली ऊब निघाली. १९७८ चं नोबेल. आधी लिहून ठेवलं असतं तर त्यात ‘कबुतरं’ हा शब्द असता, ‘विश्वोत्पत्ती’ नसता. जे माहीतच नाही त्याची नोंदणी कोणत्या खिडकीवर करायची?

---

अर्धविराम

खडूफळा सर, मुद्दा मान्य, पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे. सापडलं अपघाताने, पण विश्वास बसला तो इतरांनी वेगळ्या उपकरणांनी, वेगळ्या तरंगलांबीवर तीच ऊब पुन्हा मोजली तेव्हा. ती मोजमापं करताना काय शोधायचं ते ठाऊक होतं. भटकंतीत सापडलेलं आणि ठरवून तपासलेलं, दोन्ही लागतात. आमचं भांडण भटकंतीशी नाही. भटकंतीत सापडलं आणि निबंधात लिहिलं ‘आम्ही हेच शोधायला निघालो होतो’, त्या खोटेपणाशी आहे.

---

दिडकी

आणि ज्यांच्याकडे दुसरी अँटेना नाही त्यांनी काय करायचं? १९५१ सालचं न्यूझीलंड पुन्हा घडवता येत नाही. आमच्यातल्या हुशार लोकांनी काढलेली वाट म्हणजे निसर्गाने किंवा कायद्याने टाकलेली चिठ्ठी शोधायची. १ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सी राज्यात किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात नाही. कार्ड आणि क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्टफूड दुकानांना वाढीच्या आधी आणि नंतर फोन केले. पुस्तकाप्रमाणे न्यू जर्सीतल्या नोकऱ्या घटायला हव्या होत्या. घटल्या नाहीत. लगेच दुसऱ्या गटाने पगारपत्रकं मागवून उलट निष्कर्ष काढला, मग या दोघांनी सरकारी नोंदी घेऊन पुन्हा उत्तर दिलं. ते भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाही. पद्धत मात्र रुजली, २०२१ चं नोबेल कार्ड यांना त्यातूनच मिळालं. तरी सर, एका सीमेवरचं उत्तर दुसऱ्या सीमेवर लागू पडेल याची हमी कोण देणार? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

बिनबुडाचा

यावेळी खरंच विचारतो. एवढे सगळे चुकलेले अभ्यास तुम्हाला माहीत आहेत कारण ते पकडले गेले. जे छापलेच नाहीत त्यांचं काय?

---

अर्धविराम

बिनबुडाचा, आज बूड सापडलं वाटतं! हीच तर खरी झाकली मूठ सव्वा लाखाची.

नैराश्यावरच्या १२ औषधांचं उदाहरण घ्या. परवानगीसाठी अमेरिकी नियामकाकडे ७४ अभ्यास नोंदले गेले होते. नियामकाच्या मते ३८ मध्ये औषध चाललं, त्यातले ३७ छापून आले. उरलेले ३६ निराशाजनक किंवा संदिग्ध. त्यातले २२ छापलेच नाहीत, ११ असे काही लिहिले की औषध चाललं असंच वाटावं, आणि फक्त ३ प्रामाणिकपणे. म्हणजे नियतकालिकं चाळणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के अभ्यासांत यश दिसतं, नियामकाच्या कपाटात निम्म्यांत. औषधं कुचकामी आहेत असा याचा अर्थ नाही, परिणाम आहे पण दाखवला त्यापेक्षा लहान आहे. आणि चालू औषध हा धागा वाचून कोणी परस्पर सोडू नका, प्लीज. हे कळलं तेही आधी नोंद होती म्हणूनच. नोंदच नसती तर २२ गायब आहेत हे कोणाला समजलं असतं?

---

चौथामजला

आमच्याकडे तर मूठ कायम झाकलेली. न चाललेल्या मॉडेलवर कोण निबंध छापतो? शंभर जण तीच फसलेली कल्पना शंभर वेळा करून बघतात.

---

खडूफळा

भौतिकशास्त्रात निदान ‘इथपर्यंत शोधलं, सापडलं नाही’ हे अभिमानाने छापतात. म्हणून पाच सिग्मा वगैरे कडक अट परवडते. निव्वळ योगायोगाने आलेखात असा उंचवटा, म्हणजे नव्या कणाची खूण, दिसायची शक्यता ३५ लाखांत एक. तरीही डिसेंबर २०१५ मध्ये सर्नला ७५० जीईव्ही (कणांच्या ऊर्जेचं माप) या आकड्याजवळ छोटा उंचवटा दिसला, पाच सिग्माच्या बराच खाली. तेवढ्यावर सिद्धांतवाल्यांनी काही महिन्यांत शेकडो निबंध पाडले. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त डेटा आला आणि उंचवटा विरघळला. शहाणपण काही कोणत्या शाखेची मक्तेदारी नाही. दिडकी, तुमच्या सीमेच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही.

---

कोरीपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईचं काय झालं ते सांगायला आले.

तिला मी हे सगळं वाचायला दिलं नाही, भडकली असती. विजेच्या बिलाच्या पाकिटामागे तीन प्रश्न लिहून दिले. चाचणीतल्या बायका माझ्यासारख्या होत्या का? दहा हजारांत किती? आणि मला जे हवंय, म्हणजे झोप, ते त्यांनी मोजलं होतं का? डॉक्टरीणबाईंनी पाकीट हातात घेऊन वाचलं आणि आधी खुर्ची पुढे ओढली. पहिल्या प्रश्नाचं उत्तरच मोठं निघालं. २००२च्या त्या चाचणीत सरासरी वय ६३ होतं. ताई ५१ची. नंतरच्या विश्लेषणांत पाळी नुकतीच गेलेल्या बायकांचं चित्र बरंच वेगळं दिसतं, आणि गर्भाशय काढलेल्या बायकांना दुसरी, एकाच हार्मोनची गोळी दिलेल्या चाचणीत स्तनाचा कर्करोग वाढलाही नव्हता, पक्षाघात मात्र वाढला होता. (अर्धविराम, मी लगेच विचारलं, हा राशीवार तक्ता तर नाही ना? बाई म्हणाल्या, वयाला शरीरशास्त्रात कारण आहे, राशीला नाही. पण शंका रास्त आहे, म्हणून पूर्ण खात्रीने बोलत नाही.) मग घरात कोणाला कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, बीपी, असे अर्धा तास प्रश्न. माझ्या दोन रात्रींच्या वाचनात यातला एकही प्रश्न नव्हता.

---

बिनबुडाचा

मग गोळी सुरू केली की नाही?

---

कोरीपाटी

विचारलं. म्हणाली, "तुझ्या दहा हजारांत मला धरू नकोस." काल रात्री साडेअकराला लिंक आली नाही, म्हणजे झोपली असावी.